आक्काला कोरडी कोण म्हणतं? एका उताऱ्याच्या वाचनाचं प्रकरण

‘आक्का ही अत्यंत हिशेबी, कोरडी व भावनाशून्य स्त्री आहे. लेखकाने तिला दगडाची उपमा देऊन तिचे पाषाणहृदय दाखवून दिले आहे.’

नववीच्या एका तुकडीतल्या बहुतेक उत्तरांचा हा गोषवारा. शब्द थोडे इकडचे तिकडे, निकाल एकच. ही उत्तरं लिहिणारी मुलं कच्ची नव्हती. त्याच कागदावर, वरच्या प्रश्नात, त्यांनी उताऱ्यातले अलंकार बिनचूक ओळखले होते, उपमेय (ज्याची तुलना होते ते) आणि उपमान (ज्याच्याशी होते ते) वेगळं काढून दाखवलं होतं. भाषेतली करामत त्यांना दिसत होती, त्या करामतीमागचं माणूस दिसत नव्हतं. अलंकार ओळखणं आणि पात्र समजणं यांच्यामधली पायरी नेमकी कुठे निसटते, ते या एका उताऱ्यात फार स्पष्ट दिसलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

उतारा मी वर्गासाठीच लिहिला होता. गाइडात ज्याचं तयार उत्तर सापडणार नाही असा मजकूर हवा होता, आणि गोष्ट सांगणारा स्वतःही गोष्टीतलं एक पात्र असायला हवा होता. उतारा असा:

‘तीस वर्षं लोकांचे जमाखर्च तपासले, पण आक्काचा ताळेबंद मला कधी जुळवता आला नाही. ती बोलायची तेव्हा खतावणीचं पान उलटल्यासारखं वाटायचं. प्रत्येक ओळीत आकडा. “साडेनऊ झाले, दिवा बंद कर.” “दोन पानं कोरी सोडलीस, ती आधी भर.” आईबाबा गेल्यावर तिनं आम्हा दोघांचं घर चालवलं, म्हणजे दुकानच चालवलं. माया होती तिच्याकडे, पण ती तागडीत तोलून मिळायची. माझ्या वाट्याचं माप कधी कमी भरलं नाही, कधी ओसंडलंही नाही.

मी तापानं फणफणलो त्या रात्री ती खुर्चीत बसून होती. दर तासाला उठायची, माझ्या कपाळावर हात ठेवायची, वहीत काहीतरी लिहायची. हिशेब, मी मनात म्हटलं. सकाळी तिचे डोळे तांबारलेले होते.

शिकायला घर सोडलं त्या दिवशी तिनं माझ्या हातात पाकीट दिलं. नोटांची नीट गड्डी, वर रबर. “मोजून घे,” म्हणाली. मी मोजल्या नाहीत. बस सुटली तेव्हा ती खिडकीसमोर उभी होती, दगडी खांबासारखी. हात हलवला नाही. पाऊस पडत होता. छत्री दोन्ही हातांत घट्ट धरलेली, मिटलेलीच.

ते कर्ज मी पुढे फेडलं. पै न् पै. तिनं पावती दिली नाही.’

प्रश्न दोनच होते. उताऱ्यातले अलंकार ओळखून स्पष्ट करा, आणि आक्काचं व्यक्तिचित्रण लिहा.

साधारण धर्म कुठून आणला?

पहिल्या प्रश्नावर वर्गात जोरदार जुंपली. ‘पान उलटल्यासारखं वाटायचं’ यात ‘सारखं’ आहे म्हणून उपमा, की ‘वाटायचं’ आहे म्हणून उत्प्रेक्षा? दोन्ही बाजूंना व्याख्या तोंडपाठ होत्या. हा वाद मी फार ताणू दिला नाही. त्याचा निकाल कसाही लागला तरी आक्काबद्दल एक अक्षरही नवं कळणार नव्हतं.

खरी गाठ होती दगडी खांबापाशी. उपमेय आक्का, उपमान खांब, साधर्म्यदर्शक शब्द ‘सारखी’ हे सगळ्यांनी लिहिलं. चौथं अंग म्हणजे साधारण धर्म, दोघांतला समान गुण, आणि तिथे बहुतेकांनी लिहिलं: निर्दयपणा. मी विचारलं, ‘हा शब्द उताऱ्यात कुठे आहे?’ तो नव्हताच. वाक्यात आहे ते ‘उभी होती’ आणि त्याला लागूनच ‘हात हलवला नाही’. खांब आणि आक्का यांच्यात लेखनानं जोडलेला समान गुण आहे न हलण्याचा. निर्दयपणा मुलांनी बाहेरून आणला. दगडाचं काळीज, दगडाला पाझर फुटणं, पाषाणहृदयी असे तयार शब्दप्रयोग कानावरून इतके गेलेले असतात की दगड दिसला की निष्ठुरपणा आपोआप मागे येतो.

हे फक्त शाळकरी मुलांचं होतं असं अजिबात नाही. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकून कविता वाचायला दिल्या, त्यांची लेखी मतं गोळा केली आणि १९२९ साली त्यांवर एक पुस्तक लिहिलं. कविता समजण्याच्या आड येणाऱ्या ज्या अडचणी त्यांनी नोंदवल्या, त्यांतली एक हीच होती: समोरची ओळ वाचण्याऐवजी मनात आधीपासून तयार असलेला प्रतिसाद तिच्यावर बसवणं. विद्यापीठात शिकणारे वाचक जिथे अडखळले, तिथे चौदा-पंधरा वर्षांची मुलं अडखळली तर नवल नाही. म्हणूनच उपमेची ही चार अंगं शिकवायची पद्धत मला जुनाट वाटत नाही. ती फार उपयोगाची आहे, अट एकच: चौथं अंग उताऱ्यातच शोधायचं.

रूढ प्रयोग आणि नवा प्रयोग यांतला फरक आपल्या काव्यशास्त्रानं फार नेमका मांडला आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात लक्षणेसाठी, म्हणजे शब्द मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ देतो त्यासाठी, तीन गोष्टी सांगितल्या. शब्दाचा मूळ अर्थ त्या जागी बसत नाही, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध असतो, आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी असते किंवा प्रयोजन. ‘गंगेवर वस्ती’ हे त्याचं जुनं प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर कोणी राहत नाही, म्हणून अर्थ होतो काठावर. पण ‘काठावर’ असं सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटलं, कारण गंगेचा शीतलपणा आणि पावित्र्य त्या वस्तीला चिकटवायचं होतं. ते प्रयोजन.

‘दगडाचं काळीज’ रूढीतलं आहे. ‘माया तागडीत तोलून मिळायची’ हे तसं नाही. माया कोणी तोलत नाही, म्हणजे मूळ अर्थ अडला. मोजकेपणाचा संबंध सापडला. राहिलं प्रयोजन: तागडीच का? मायेला आटलेल्या विहिरीची उपमा देता आली असती, मिणमिणत्या दिव्याचीही. इथून वर्गाचा तास हळूहळू रंगत गेला.

एकाच दुकानातल्या प्रतिमा

मी फळ्यावर उताऱ्यातले सगळे लाक्षणिक शब्द ओळीनं लिहायला सांगितले. जमाखर्च, ताळेबंद, खतावणी, दुकान, तागडी, माप, हिशेब, कर्ज, पै न् पै, पावती. मधे दगडी खांब एकटाच वेगळा. ‘ही सगळी भाषा कोणाच्या धंद्यातली?’ असं विचारल्यावर लगेच उत्तर आलं, ‘आक्काच्या.’ मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘आक्का काय काम करायची ते दिलेलंच नाहीये.’

नव्हतंच दिलेलं. दिलं होतं ते निवेदकाचं काम, पहिल्याच वाक्यात. तीस वर्षं लोकांचे जमाखर्च तपासले, असं तो स्वतः सांगतो. हे वाक्य जवळपास सगळ्यांनी प्रस्तावना समजून ओलांडलं होतं. उताऱ्याचं पहिलं वाक्य ओलांडायची सवय फार वाईट. बोलणारा कोण, त्याची नजर कशी, याचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच असतो.

मम्मटाचा आणखी एक मुद्दा इथे कामी आला, आणि माझ्या मते या प्रकरणातला तोच सर्वांत मोलाचा. शब्दाच्या अर्थामागून आणखी एक अर्थ सुचतो तेव्हा तो कशाकशामुळे सुचतो, याची तो यादी देतो: बोलणारा, ऐकणारा, आवाजातला चढउतार, वाक्य, प्रसंग, स्थळ, काळ वगैरे. यादीत पहिला आहे वक्ता. पुढे ध्वनीचे, म्हणजे अशा सुचवलेल्या अर्थाचे, प्रकार सांगताना तो कवीच्या स्वतःच्या कल्पनेतून आलेलं बोलणं आणि कवीनं निर्माण केलेल्या वक्त्याच्या तोंडचं बोलणं हे दोन वेगळे प्रकार मानतो. नऊशे वर्षांहून जुना हा भेद आपल्या उत्तरपत्रिकांमध्ये मात्र ‘लेखक म्हणतो’ या दोन शब्दांत पार पुसला जातो. आक्काला दगड लेखक म्हणत नाही, तिचा धाकटा भाऊ म्हणतो. तो भाऊ हिशेबनीस आहे, आणि त्यानं बहिणीची सगळी आठवण आपल्या वह्यांच्या भाषेत मांडली आहे. उपमा उपमेयाबद्दल जेवढं सांगते, त्याहून कधीकधी जास्त ती देणाऱ्याबद्दल सांगते.

मुलांना हे तत्त्व म्हणून सांगून पटलं नसतं, म्हणून वही आडवी धरून दोन रकाने करायला सांगितले. एकीकडे आक्कानं केलेली गोष्ट, दुसरीकडे भावानं तिला दिलेलं नाव. ‘रात्रभर जागली, दर तासाला कपाळाला हात लावला’ समोर ‘हिशेब’. ‘घर सांभाळलं’ समोर ‘दुकान चालवलं’. ‘पैसे दिले’ समोर ‘कर्ज’. हा शेवटचा शब्द लिहिताना काही हात थांबले. पैसे देताना आक्का परत मागेन असं कुठेच म्हणत नाही. कर्ज हा शब्द पूर्णपणे भावाचा.

वहीत ती काय लिहीत होती, यावर बराच वेळ गेला. ‘औषधांचा खर्च’ असं एकानं म्हटलं. दुसरी म्हणाली, ‘दर तासाला कपाळावर हात ठेवून लगेच लिहितेय, म्हणजे ताप लिहीत असणार. डॉक्टरांना दाखवायला.’ उतारा यातलं काहीच ठामपणे सांगत नाही. पण ‘दर तासाला’ आणि ‘कपाळावर हात’ हे तपशील दुसऱ्या तर्काकडे झुकतात, खर्चाकडे झुकवणारा एकही तपशील नाही. आहे तो फक्त भावाचा मनातला शब्द. पुरावा आणि शेरा वेगळा करायची सवय त्या क्षणी लागायला सुरुवात झाली असं मला वाटतं, कारण त्यानंतर मुलं आपसातच एकमेकांना अडवायला लागली: ‘ते भाऊ म्हणतोय.’

आणि मग छत्री. पावसात छत्री मिटलेली का?

पहिला तर्क आला तो खांबाच्या बाजूनं. खांबाला पाऊस लागत नाही, तसं तिलाही काही लागत नाही. तर्क चांगला होता, प्रतिमेशी प्रामाणिक होता. त्यावर उलटा प्रश्न आला, ‘मग घट्ट का धरलीय? आणि दोन्ही हातांनी?’ जिला काही वाटत नाही ती सवयीनं छत्री उघडेल. आक्कासारखी शिस्तीची बाई तर नक्कीच उघडेल. वेळेवर दिवा बंद करायला लावणारी बाई पावसात छत्री उघडायची विसरते, म्हणजे तिची नेहमीची घडी त्या क्षणी मोडलेली आहे. हात हलवला नाही, कारण दोन्ही हात छत्रीत अडकलेले होते. ते सोडले असते तर काय झालं असतं, हे उतारा सांगत नाही.

इथे अलंकार एकही नाही, ही गोष्ट मी मुद्दाम दाखवून दिली. मिटलेली छत्री ही मिटलेली छत्रीच आहे. भावानं ती कशासारखी आहे हे सांगितलेलं नाही, बहुधा तिचा अर्थ त्याला लागलाच नाही. पण त्यानं ती पाहिली, लक्षात ठेवली आणि सांगितली. सजवलेल्या वाक्यात माणूस लपतो आणि साध्या वाक्यात उघडा पडतो असं पुष्कळ कथांत होतं, आणि परीक्षेला बसलेला वाचक नेमकी साधी वाक्यं गाळून अलंकारांकडे धावतो.

लंबक दुसऱ्या टोकाला

दुसऱ्या दिवशी व्यक्तिचित्रण पुन्हा लिहायला दिलं. आता चित्र पालटलं होतं, आणि ते पाहून मी सुखावलो नाही. ‘आक्का ही त्यागाची मूर्ती आहे. निवेदक कृतघ्न व खोटारडा आहे.’ कालची पाषाणहृदयी आज देवता झाली होती. शिक्का बदलला, शिक्का मारण्याची घाई तशीच राहिली.

भाऊ खोटारडा नाही, हे आधी नीट करावं लागलं. अविश्वसनीय निवेदक ही कल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली समीक्षेत रुजवली. तिचा अर्थ अनेकदा ‘खोटं बोलणारा निवेदक’ एवढाच घेतला जातो. निवेदक तपशील अगदी खरे देऊ शकतो आणि तरी त्यांचा अर्थ लावण्यात कमी पडू शकतो. आपला भाऊ तसा आहे. तांबारलेले डोळे त्यानंच आपल्याला दाखवले. छत्रीही त्यानंच दाखवली. लपवायचं असतं तर तो हे सांगताच ना. शिवाय ताळेबंद जुळवता आला नाही, अशी कबुली तो पहिल्याच वाक्यात देऊन बसला आहे.

देवपणाच्या बाजूला मात्र एक मुलगा आधीपासून नव्हता. त्याचं म्हणणं पहिल्या दिवशीचंच होतं आणि तो ते सोडायला तयार नव्हता: आक्का कोरडीच. मी कारण विचारलं. ‘सर, भावाचे शब्द बाजूला ठेवले तरी अवतरणातले शब्द तिचेच आहेत की. दिवा बंद कर. पानं भर. मोजून घे. पूर्ण उताऱ्यात ती त्याला एकदाही काही विचारत नाही. मला तिचं मन नाही कळलं, मग त्याला लहानपणी कसं कळणार?’

या मुद्द्याला तोड नव्हती. दोन रकान्यांत तिसरा घालावा लागला: आक्का स्वतः काय बोलली. तो रकाना त्याच्या बाजूनं बोलत होता. तिच्या तोंडी तीनच वाक्यं आहेत आणि तिन्ही आज्ञार्थी. दोन वाक्यांत तर आकडाही आहे. म्हणजे खतावणीची प्रतिमा हवेतून आलेली नाही. लक्षणेला मूळ अर्थाशी संबंध लागतो असं मम्मट म्हणतो, तो संबंध इथे आक्काच्याच बोलण्यात आहे. भावानं तिला उगीच वहीत कोंबलेलं नाही. ती त्याच्याशी तशीच बोलत आली, आणि आज्ञा ऐकत वाढलेल्या पोराच्या मनात आज्ञांचाच साठा राहिला. ‘मोजून घे’ यामागे वाटेत कोणी फसवू नये ही काळजी असेल, बहुधा आहेच. पण काळजी शब्दांत उतरली नाही आणि पोरानं नोटा मोजल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रांचा भेद मांडला. गोलाकार पात्राची त्यांनी दिलेली कसोटी अशी: ते पटेल अशा रीतीनं आपल्याला चकित करू शकतं का? वर्गात हा भेद बहुधा प्रमुख पात्र म्हणजे गोलाकार, दुय्यम म्हणजे सपाट, असा चुकीच्या अर्थानं रुळलेला असतो. आक्का जेमतेम पानभर उताऱ्यात आहे, तरी छत्रीपाशी चकित करते आणि ते पटतं, कारण आधी तिची शिस्त दाखवलेली आहे. त्यागमूर्ती म्हणा किंवा पाषाणहृदयी, दोन्ही शब्द तिला सपाट करून टाकतात. त्या मुलाचं उत्तर तिला सपाट करत नव्हतं. तिचं मन होतं हे तो नाकारत नव्हता, ते पोचलं नाही एवढंच तो म्हणत होता.

शेवटच्या वाक्यावर एकमत झालं नाही, आणि मी ते घडवून आणायचा प्रयत्नही केला नाही. ‘तिनं पावती दिली नाही.’ काहींना ही तक्रार वाटली: एवढं फेडलं, पण तिनं साधी दखल घेतली नाही. काहींचं म्हणणं, पावती तोच देतो ज्यानं उसने दिलेले असतात. आक्काच्या लेखी ते कर्ज नव्हतंच, म्हणून पावती नाही. एका विद्यार्थिनीनं तिसरी वाट काढली. भावाकडे दुसरे शब्दच नाहीत, म्हणून त्याला आत्ता कळलेलं दुःखही तो पावतीच्याच भाषेत सांगतोय, असं ती म्हणाली. तिन्ही वाचनांना उताऱ्यात आधार आहे. मला स्वतःला तिसरं सर्वांत जवळचं वाटतं, कारण त्यात भाऊ न्यायाधीश किंवा आरोपी न राहता बहिणीइतकाच अवघडलेला माणूस होतो. शिवाय ‘फेडलं’ आणि ‘दिली नाही’ यांच्यामध्ये ‘पै न् पै’ हे तुटक वाक्य त्यानं एकट्यानं ठेवलं आहे. त्यात अभिमान वाचायचा की शरम, हे वाचताना आवाज कुठे पडतो त्यावर ठरतं. आम्ही ते तीन-चार जणांकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि दर वेळी वेगळा भाऊ ऐकू आला.

गुण देताना एक अडचण उरलीच. उत्तरपत्रिकेत शेवटी आक्का कशी आहे ते लिहावं लागतं आणि परीक्षकाला एक आकडा टाकावा लागतो. तिच्या तिन्ही वाक्यांचा आधार देऊन ती भावापर्यंत पोचली नाही असं लिहिणाऱ्या त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले. तांबारलेले डोळे आणि छत्री दाखवून ती मायेची होती असं लिहिणारीलाही पूर्ण दिले. ‘लेखकाने तिला दगड म्हटले आहे’ असं लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापला आणि समासात ‘लेखकाने की भावाने?’ एवढंच लिहिलं. त्यागमूर्ती म्हणून पानभर गौरव करणारं एक उत्तर भाषेनं फार देखणं होतं, पण त्यात उताऱ्यातली एकही ओळ दाखवलेली नव्हती. त्याला निम्मे गुण मिळाले.